चेहऱ्यासाठी तीन कोटेशनं

८ डिसेंबर, रविवार

दोंडाईच्याहून संध्याकाळच्या गाडीने परत. सुनंदाक्काच्या किरणचं लग्न पार पडलं. वरण-बट्टी चांगली. वांग्याची भाजी तिखट, पण दोनदा घेतली.

एक किरकोळ प्रकार घडला. नोंद असावी म्हणून लिहितो. मंगलाष्टकांच्या आधी मामांचा मान असतो. माईकवर अभिमन आप्पा होते. ते तिकडची बरीच लग्नं पुकारतात, पण आम्हां भावांना ओळखत नाहीत. त्यांनी पुकारलं, थोरले मामा पुढे या. मी आणि नाना शेजारी उभे होतो. नाना म्हणजे माझा थोरला भाऊ पंडित, सहासष्ट वर्षांचा. मी एकोणसाठचा. आप्पांनी दोघांकडे पाहिलं आणि माझा हात धरला.

भर मंडपात गोंधळ नको, म्हणून मी गेलो. फेटा बांधून घेतला, नारळ घेतला. फोटोग्राफर म्हणाला, मामा इकडे बघा, म्हणून बघितलं. मग खुर्चीवर बसवलं, म्हणून बसलो. खाली आलो तर नाना नव्हता. वच्छला वहिनीही नव्हत्या. दोघं न जेवता गेले असं कळलं.

नानाला ॲसिडिटी आहे. त्यामुळे असेल.

१० डिसेंबर

नाना फोन उचलत नाही. त्याच्या शेतात रेंज नसते. सुमन म्हणाली, सकाळी त्यांनी ग्रुपवर गणपतीचा फोटो टाकलाय, तो कुठल्या रेंजमधून टाकला? बायकोला तांत्रिक गोष्टी समजावण्यात अर्थ नाही.

फेटा कपाटावर ठेवलाय. रंग छान आहे.

१४ डिसेंबर

अक्काचा फोन. रडत होती. नानाने तिला सांगितलं की तो दिपमालाच्या लग्नाला येणार नाही. दिपमाला माझी एकुलती एक. लग्न १८ मेला धुळ्यात, हॉल बुक झालेला. अक्का म्हणाली, तुन्हामुये बठ्ठं व्हयनं. मी म्हटलं, हात अभिमन आप्पांनी धरला, माझ्यामुळे कसं?

तरी प्रकरण गंभीर आहे. व्याह्यांशी पहिली भेट घरातल्या थोरल्याने घ्यायची असते. थोरला जिवंत असताना धाकट्याने गळाभेट घेतली, की समोरचे विचारतात, भाऊ का नाही आले. मग पंगतीत तोच विषय. दिपमाला जेवताना फक्त म्हणाली, नाना नसतील तर मला करमणार नाही. लहानपणी नानाच तिला म्हशीवर बसवायचा.

सुमनचा उपाय: फेटा घ्या, शिंदखेड्याची गाडी पकडा, नानांच्या डोक्यावर ठेवा आणि म्हणा, थोरला तू. संपलं. सुमन चांगली आहे, पण तिचा विचार भावनिक असतो. मी गेलो आणि फेटा दिला, तरी पुढच्या लग्नात पुकारणारा पुन्हा माझाच हात धरणार. म्हणजे मूळ दोष तसाच. दीपनगरला पॉवर स्टेशनच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं खरेदी पाहिली. बेअरिंग वारंवार जात असेल तर बेअरिंग बदलत बसायचं नाही, अलाइनमेंट बघायचं.

२२ डिसेंबर

अलाइनमेंट बघितलं. सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी, दाढीचा आरसा घेऊन.

निष्कर्ष: दोष माझ्या चेहऱ्याचा आहे. गेल्या वर्षी दिवसातून दोनदाच जेवायचा नियम धरला आणि वजन उतरवलं. शिस्त म्हणजे शिस्त. पोट गेलं, पण गालही गेले. आतला माल कमी झाला, चामडी तेवढीच राहिली. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना लोंबते. मानेला दोन दोऱ्या. उलट नाना. दोन म्हशींचं दूध, तरुणपणी कुस्ती, आणि दर पंधरा दिवसांनी केसांना काळा डाय. पंचावन्नचा दिसतो. परका माणूस फसणारच. यात ना आप्पांची चूक, ना माझी.

नाना माझ्यावर रागावलेला नाही. तो माझ्या चेहऱ्यावर रागावलाय. चेहरा दुरुस्त होऊ शकतो.

२३ डिसेंबर

मोबाईलवर वाचन. याला फेसलिफ्ट म्हणतात. पुष्कळ प्रकार आहेत. मला वाटलं होतं, ओढतात आणि शिवतात.

१ जानेवारी

संकल्प:
एक, जानेवारीअखेर तीन कोटेशनं घेणे. तिसऱ्या कोटेशनशिवाय मी आयुष्यात पाण्याचा नळसुद्धा घेतला नाही.
दोन, तुलनात्मक तक्ता करणे.
तीन, नानाला रोज फोन. (आज केला. उचलला नाही. रेंज.)

सुमनला सांगितलं. ती वांगी भाजत होती. हातातलं वांगं उलटलं. मग म्हणाली, जळगावहून शिंदखेड्याचं तिकीट किती असतं हो? मी म्हटलं, विषयांतर करू नकोस.

६ जानेवारी

जळगावातले डॉक्टर, कोटेशन क्रमांक एक. दवाखाना चकाचक. हे दोरे घालतात. कापाकापी नाही, बारीक सुईने कातडीखाली काटेरी दोरा सरकवायचा, ओढायचा, की गाल वर. दुपारी करा, संध्याकाळी भाजी घ्यायला जा. मी विचारलं, टिकतं किती? म्हणाले, वर्ष, फार तर दीड वर्ष. मग दोरा विरघळतो.

दीड वर्षात आमच्या भाऊबंदकीत किती लग्नं आहेत हे डॉक्टरांना माहीत नाही. दर दीड वर्षाला कोण दोरे घालणार? शिवाय त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं, भाऊ, तुमची चामडी दोऱ्याला जड जाईल. असं तोंडावर सांगणारा पुरवठादार विरळा. त्यांना तक्त्यात सौजन्याचे दोन गुण जास्त.

१५ जानेवारी

नाशिकला जाऊन आलो. सुमनला सांगितलं पेन्शनचं काम. तिने डब्यात तिळाच्या पोळ्या दिल्या आणि म्हणाली, पेन्शनवाल्यांना विचारा, भूल पूर्ण देतात का अर्धी.

कोटेशन क्रमांक दोन. डीप प्लेन पद्धत. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. मी माझ्या भाषेत लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. चेहरा म्हणजे अभ्रा घातलेली उशी. जुन्या काळी नुसता अभ्रा ताणून शिवायचे. आतला कापूस खालीच गोळा झालेला, त्यामुळे तोंड वाऱ्यात उभं असल्यासारखं दिसायचं. नंतर लोक शहाणे झाले. त्यांनी अभ्रा बाजूला करून आधी कापसाच्या थराला दुमड घातली, टाके मारले, मग वरून अभ्रा बसवला. डीप प्लेनवाले त्या थराच्याही खाली जातात आणि कापूस आणि अभ्रा एकत्रच उचलतात. ओढ कातडीवर येत नाही. दहा-बारा वर्षं टिकतं.

पद्धत उत्तम, यात वाद नाही. पण पूर्ण भूल, पाच-सहा तास, आणि चेहरा हलवणाऱ्या नसा तिथून जातात म्हणून हात बसलेला माणूस लागतो. हात त्यांचा बसलेला आहे, फोटो पाहिले. एका गृहस्थांचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले, मला वाटलं बाप-लेक आहेत.

हीच अडचण आहे. मला नानापेक्षा लहान दिसायचंय, एवढंच. दिपमालाचा भाऊ दिसायचं नाहीये. व्याही गोंधळतील. गरजेपेक्षा वरच्या स्पेसिफिकेशनचा माल घ्यायचा नाही, हा खरेदीचा पहिला नियम. रकमेचा इथे काही संबंध नाही. रक्कम ऐकून मी पाणी मागितलं ते तिळाच्या पोळीमुळे.

१९ जानेवारी

नाना फोन उचलत नाही. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, ते गोठ्यात आहेत. मागून नानाचा खोकला ऐकू आला. गोठा इतका जवळ नाही. मी विचारलं, नाना कसा आहे? त्या म्हणाल्या, बठ्ठं ठीक शे. मग म्हणाल्या, भाऊ, त्यासले एकच शब्द आयकाना व्हता. मी विचारणार होतो कुठला, पण माझ्या दुसऱ्या फोनवर धुळ्याच्या दवाखान्यातून अपॉइंटमेंट आली.

२४ जानेवारी

धुळे. कोटेशन क्रमांक तीन. डॉक्टर बाई आहेत, वयाने आमच्या दिपमालापेक्षा थोड्या मोठ्या. ह्या मधली पद्धत करतात. कानापुढून कानामागे चीर, आतल्या थराला दुमड घालून टाके, जादा कातडी कापून शिलाई. गुंगीचं इंजेक्शन आणि जागा बधिर करून. पाच-सात वर्षं टिकतं. नाशिकपेक्षा कमी, जळगावपेक्षा जास्त. सगळ्याच बाबतीत मधलं. मला मधलं आवडतं.

बाईंनी फार प्रश्न विचारले. वजन कधी उतरवलं? थोडं परत आलं तर चालेल का, गाल आपोआप भरतील. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मग विचारलं, हे कुणासाठी करताय? कुणी काही बोललं का? मी म्हटलं, स्वतःसाठी. त्यांनी पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं.

मी एकच तांत्रिक प्रश्न विचारला. कार्यात नाना नेहमी माझ्या उजवीकडे उभा राहतो आणि पुकारणारा डावीकडून येतो, तर फक्त डाव्या बाजूचं करून भागेल का? बाई हसल्या नाहीत. नाही म्हणाल्या.

पुरुषांचं एक वेगळं असतं. दाढीची कातडी ओढली की कानाजवळ सरकते, कधी कानामागे. तिथे वस्तरा फिरवावा लागेल. आणि कानाच्या पुढचा भाग, गाल, काही महिने बधिर राहील, बहुतेकांचा परत येतो. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, गाल बधिर तर बधिर, गालाने कुठे काही काम करायचं असतं? तक्त्यात 'किरकोळ' या रकान्यात घेतलं.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि तक्ता पूर्ण केला. टिकाऊपणा, भूल, सूज किती दिवस, व्रण कुठे, नसांना धोका, जळगावपासून अंतर, डॉक्टरांचं वागणं. आडवे रकाने, उभे रकाने. दीपनगरला असतो तर साहेबांनी पाठ थोपटली असती. निकाल: धुळे. लग्नही धुळ्यातच आहे, ट्रायलला सोयीचं.

सुमनला तक्ता वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकला. मग म्हणाली, यात शिंदखेडा कुठेच नाही. मी म्हटलं, शिंदखेड्याला फेसलिफ्ट होत नाही. ती उठून गेली.

२ फेब्रुवारी

दिपमालाने ऐकलं. चिडेल वाटलं होतं. म्हणाली, पप्पा, मी येऊ का नानांकडे तुमच्याबरोबर? आपण दोघं जाऊ, फेटा मी हातात धरते. म्हटलं, वेडे, नानाला माझा जुना चेहरा पुन्हा दाखवून काय साधणार? एकदाच नवीन घेऊन जाऊ. ती म्हणाली, बरं. तिच्या बरं मध्ये मला समजूतदारपणा दिसला.

१० फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. शेजारी सांगितलंय, हर्निया. बाईंनी आज चेहऱ्यावर जांभळ्या पेनाने रेघा मारून दाखवल्या. आरशात पाहिलं, शेतजमिनीच्या मोजणीचा नकाशा. घाबरलो नाही. हात थंड पडले होते ते एसीमुळे.

कपाटावरच्या फेट्याभोवती सुमनने जुनं धोतर गुंडाळून ठेवलंय, धूळ नको म्हणून. इथे धुळ्याला येताना पिशवीत घालत होती. नको म्हटलं.

१२ फेब्रुवारी

पट्ट्या. डोकं वर करून झोपायचं. तोंडात पोळी जात नाही, वरण पितो. सुमन चमच्याने देते. दुखत नाही. खरं म्हणजे काहीच होत नाही. तिने तोंड पुसलं तेव्हा कळलं नाही की पुसलं, फक्त तिचा हात दिसला.

१५ फेब्रुवारी

पट्ट्या निघाल्या. प्रचंड सूज, पण गाल भरलेले. आरशात एक धष्टपुष्ट जांभळा इसम. मनात म्हटलं, नानासारखाच दिसतोय की. सूज अशीच राहिली तर किती बरं, असं बाईंना बोललो. त्या म्हणाल्या, म्हणून तर म्हणत होते, वजन वाढवा.

३ मार्च

सूज गेली. निकाल चांगला आहे. हनुवटी दिसते. दोऱ्या गेल्या. सुमनला विचारलं, कसा दिसतो? ती नीट बघून म्हणाली, कुणी मागून हाक मारलीय आणि तुम्ही वळणार आहात, असे. यात मी होकार धरला.

गाल अजून सुन्न. कानाच्या पाळीपासून हनुवटीच्या कोपऱ्यापर्यंत. टिचकी मारली तर लाकडावर मारल्यासारखी वाटते, तीही बोटाला. सवय होते.

१७ मार्च

पुनाच्या सलूनमध्ये दाढी. पुना गेली वीस वर्षं माझी दाढी करतो. बराच वेळ वस्तरा धरून उभा राहिला. म्हणाला, भाऊ, कानामागे दाढी कशी आली? मी म्हटलं, हर्नियाच्या औषधाने. त्याने मान हलवली. बिचारा साधा माणूस.

घरी आलो तर सुमन ओरडली. कॉलर रक्ताने भिजलेली. पुनाचा वस्तरा कानाखाली लागला होता, मला पत्ताच नाही. याचा अर्थ सहनशक्ती वाढली आहे.

२ एप्रिल

नानाला नवीन चेहऱ्याचा फोटो पाठवला. दोन निळ्या बरोबरच्या खुणा आल्या. उत्तर नाही. रेंज आली की देईल.

३ मे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. सुनंदाक्का दरवर्षीप्रमाणे माहेरी, म्हणजे नानाकडे, गेली होती. आज तिचा फोन. झोक्यावर बसून दोन दिवस नानाशी बोलली म्हणे. नाना लग्नाला येणार. अट कुठलीही नाही. पुढे म्हणाली, तूही जरा पुढे हो, दरवेळी त्यानेच का? मी म्हटलं, अक्का, मी किती पुढे झालोय हे तू मला बघितल्यावर कळेल.

माझा फोटो कामाला आला, हे उघड आहे. सुमनला सांगितलं. ती म्हणाली, अक्का कामाला आली. दोघांचाही थोडाथोडा वाटा धरायला हरकत नाही.

१८ मे, रविवार. धुळे. सकाळी ६

आजचा दिवस. दाढी स्वतः केली, कानामागेसुद्धा. नवा सफारी. फोटोग्राफरला बजावलंय, माझे फोटो डाव्या बाजूने आणि हनुवटी किंचित वर. पुकारणाऱ्याला काहीही सांगितलेलं नाही. सांगितलं तर परीक्षा कसली?

सुमनने जुना फेटा पिशवीत आणलाय. म्हणाली, नाना आले की पहिल्यांदा हा द्या, आणि ते एक वाक्य बोला. म्हटलं, व्याही नवा फेटा बांधणारच आहेत, जुना कशाला?

१८ मे, रात्र

ऑपरेशन शंभर टक्के यशस्वी. पुकारणाऱ्याने पुकारलं, मुलीकडचे थोरले काका भेटीला या. आम्ही दोघं शेजारी. त्याने क्षणभरही विचार केला नाही. सरळ नानाचा हात धरला. नाना पुढे गेला, व्याह्यांना मिठी मारली, फेटा बांधला. मग मला, दुसऱ्या नंबरने. सगळं जागच्या जागी.

एकच गोष्ट. नाना खूप म्हातारा दिसत होता. केस पांढरेशुभ्र, मिशाही. मी आधी ओळखलंच नाही. वच्छला वहिनींनी सुमनला सांगितलं की दोंडाईच्याच्या लग्नापासून त्यांनी डाय लावलाच नाही. का विचारलं तर म्हणाले, लोकसले ओयखाले सोपं जाई. वाढायला पाच महिने लागले, तोवर गावाबाहेर पडले नाहीत.

यावरून फेसलिफ्टची गरज नव्हती, असा अर्थ कुणी काढू नये. दोन उपाय एकाच वेळी लागू झाले, कुठल्याने गुण आला हे सांगता येत नाही.

दिपमाला निघाली तेव्हा सगळे रडले. नाना तर ओक्साबोक्शी. मला रडू आलं नाही. आत काहीतरी होत होतं, पण वर आलं नाही.

आणि हे लिहायचं राहिलं. नाना पुन्हा न जेवता गेला. पंगतीत त्याचं पान वाढलेलं होतं. वहिनी म्हणाल्या, चला म्हणाले आणि उठले. दिवसभरात माझ्याशी एक शब्द बोलला नाही. या वेळी तर मी काहीच केलेलं नाही. मी फक्त उभा होतो.

१९ मे

फोन केला नाही. आता त्याची पाळी आहे.

२७ मे

फोटोग्राफरने लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर दिला. टीव्हीला लावला. सुमन शेंगा सोलत बसली होती.

भेटीनंतरचा भाग. मी स्टेजच्या खाली उभा आहे. फोटोग्राफर समोरून हाताने खूण करतोय, हनुवटी वर. मी वर केली आहे. चांगला दिसतो. तेवढ्यात उजवीकडून नाना येतो. नवा फेटा तिरका झालाय. माझ्यापाशी थांबतो. काहीतरी बोलतो. मग त्याचा हात वर येतो आणि माझ्या गालावर टेकतो. कानापाशी, पूर्ण पंजा. लहानपणी मला ताप आला की ठेवायचा तसा. अंगठा जरा हलतो. मी कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. नाना हात तसाच ठेवून उभा. मागे बँडवाले जोरात वाजवताना दिसतात. तो पुन्हा काहीतरी बोलतो, माझ्या तोंडाकडे बघतो. मी हनुवटी आणखी वर करतो. मग तो हात काढून घेतो, धोतराला पुसतो आणि निघून जातो.

सुमनच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाली, तुम्हाला कळलं नाही? म्हटलं, नाही. ती म्हणाली, काय बोलले ते? आवाजाच्या जागी त्या लोकांनी गाणं टाकलंय. मागे घेऊन पुन्हा बघितलं. ओठ बघितले. काही लागत नाही. पुन्हा बघितलं. सुमन म्हणाली, पुरे.

आरशासमोर उभा राहून स्वतःचा पंजा गालावर ठेवला. तळहाताला गाल गरम लागला. गालाला काहीच नाही. फार वाईट वाटलं. आजवर इतकं कधी वाटलं नव्हतं.

धुळ्याच्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, येईल परत, दिवाळीपर्यंत वाट बघा.

२८ मे

विचार केला. गाल जागा झाल्यावरच नानाकडे जावं. तो पुन्हा हात ठेवेल, तेव्हा कळायला हवं. म्हणजे दिवाळी. सुमनला हा कार्यक्रम सांगितला. तिने फेटा कपाटावरून काढला, माझ्या पलंगावर ठेवला आणि झोपायला दिपमालाच्या खोलीत गेली.

१ जून, रविवार

दुपारी नानाला फोन लावला. बोलायचं काय ते ठरवून ठेवलं होतं. थोरला तू. तीन वेळा म्हणूनही बघितलं, सोपं आहे. नानाने पहिल्याच रिंगला उचलला, त्यामुळे गडबड झाली. मी म्हटलं, नाना, माझा गाल सुन्न आहे. मला कळलं नाही. ऑपरेशनमुळे.

मागे म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मग म्हणाला, धाकल्या, तो काही आजना नही. तो पहिलापासूनच तसा शे.

नानाला तारखेची चुकीची माहिती दिसते. मी सांगितलं, नाना, ऑपरेशन ११ फेब्रुवारीला झालं, त्याआधी गाल चांगला होता. तो हं म्हणाला.

वाक्य तोंडात होतं. ते बोलायला हवं होतं हे लिहिताना दिसतंय.

मग त्यानेच विचारलं, जेवना का? मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो. ताट सुमनने झाकून ठेवलं होतं.